प्लेस्टेशन-२ला उगाच डोक्यावर घेतलंय की ड्रीमकास्टवर खरंच अन्याय झाला? 'ओव्हररेटेड-अंडररेटेड' वादात आकडे काय सांगतात?

"ड्रीमकास्ट हा जगातला सगळ्यात अंडररेटेड कन्सोल आहे." सोशल मीडियावर एवढं एक वाक्य टाकलं तरी पुढचे दोन दिवस कमेंट्स थांबत नाहीत. मग कुणी प्लेस्टेशन-२ला ओव्हररेटेड ठरवतं, कुणी एक्सबॉक्सची खिल्ली उडवतं, तर कुणी निन्टेन्डोच्या चाहत्यांना 'मोठी झालेली लहान मुलं' म्हणतं.

वरवर पाहता हा रिकामटेकडा वाद वाटतो. पण सध्या त्याला खिशाचीही बाजू आहे. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. प्लेस्टेशन-२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरना आला आणि २००९ पर्यंत ९९ डॉलरवर उतरला. प्लेस्टेशन-५चं उलटं झालं. २०२० साली ४९९ डॉलरना आलेला हा कन्सोल ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे ५५० डॉलरपर्यंत महागला. एक्सबॉक्स सीरीज एक्सची किंमत तर २०२५ या एकाच वर्षात दोनदा वाढली आणि ५०० डॉलरवरून ६५० डॉलरवर गेली. भारतातही २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलेला प्लेस्टेशन-५ पुढे ५४,९९० रुपयांचा झाला.

म्हणजे 'हा कन्सोल एवढं कौतुक करण्याच्या लायकीचा आहे का?' हा प्रश्न आता पन्नास हजार रुपयांचा आहे. त्यामुळे हा वाद जरा शांतपणे समजून घ्यायला हवा.

मुळात 'ओव्हररेटेड' म्हणजे काय?

या वादात भांडणारे लोक बहुतेक वेळा वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत असतात. एकजण विक्रीचे आकडे पुढे करतो, दुसरा गेम्सची यादी वाचतो, तिसरा प्रोसेसर आणि ग्राफिक्सचं बोलतो आणि चौथा शाळेच्या सुट्टीतल्या आठवणी सांगतो. चौघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

एखादा कन्सोल ओव्हररेटेड किंवा अंडररेटेड ठरवायचा तर दोन गोष्टींमधलं अंतर मोजावं लागतं. पहिली म्हणजे त्याला मिळालेला मान आणि दुसरी म्हणजे त्याने प्रत्यक्षात दिलेलं काम. मान कुणी दिला आणि कधी दिला, हेही पाहावं लागतं. कारण बाजाराने त्या वेळी दिलेला निकाल आणि चाहत्यांनी वीस वर्षांनी दिलेला निकाल अनेकदा एकमेकांच्या विरुद्ध असतात.

प्लेस्टेशन-२: सगळ्यात जास्त विकला गेला, म्हणून सगळ्यात चांगला?

प्लेस्टेशन-२ जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी बाजारात आला. सोनीच्या म्हणण्यानुसार त्याचे १६ कोटी नग विकले गेले. इतिहासात याहून जास्त विकला गेलेला कन्सोल नाही.

त्याला ओव्हररेटेड म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे: लोकांनी तो गेम्ससाठी कमी आणि डीव्हीडी प्लेयर म्हणून जास्त घेतला. यात तथ्य आहे. त्या काळी चांगला डीव्हीडी प्लेयर महाग होता आणि प्लेस्टेशन-२मध्ये तो आयताच मिळत होता. घरात 'सिनेमाही बघता येईल' असं सांगून आईवडिलांना पटवणं सोपं होतं. शिवाय पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क त्यावर चालत होत्या, त्यामुळे जुना संग्रह वाया जात नव्हता.

पण नुसता डीव्हीडी प्लेयर म्हणून घेतला असता तर गेम्सची विक्री इतकी झाली नसती. प्लेस्टेशन-२साठी दीडशे कोटींहून जास्त गेम्स विकले गेले. म्हणजे प्रत्येक कन्सोलमागे साधारण साडेनऊ. हा आकडा लक्षात ठेवा, कारण खरी गंमत पुढे आहे.

गेमक्यूब: 'फ्लॉप' ठरलेला कन्सोल

त्याच काळात निन्टेन्डोचा गेमक्यूब आला. सप्टेंबर २००१ मध्ये जपानमध्ये सुरुवात झाली आणि एकूण विक्री झाली २ कोटी १७ लाख. प्लेस्टेशन-२च्या तुलनेत सातवा हिस्सासुद्धा नाही. छोट्या आकाराची डिस्क, सिनेमा बघायची सोय नाही, दिसायला मागे हँडल असलेला जांभळा डबा. 'लहान मुलांचं खेळणं' अशी त्याची टर उडवली गेली.

आता निन्टेन्डोचेच अधिकृत आकडे पाहा. गेमक्यूबसाठी सुमारे २० कोटी ८६ लाख गेम्स विकले गेले. भागाकार केला तर प्रत्येक कन्सोलमागे साडेनऊच्या जरा वर. म्हणजे प्लेस्टेशन-२ घेणाऱ्याने सरासरी जेवढे गेम्स घेतले, जवळपास तेवढेच गेमक्यूब घेणाऱ्यानेही घेतले.

दोन्ही कन्सोलच्या मालकांचं समाधान सारखंच होतं, असं यावरून लगेच सिद्ध होत नाही. पण 'गेमक्यूबवर खेळायला काही नव्हतं' हा दावा मात्र टिकत नाही. ज्यांनी तो घेतला, त्यांनी तो वापरला. 'मेट्रॉइड प्राइम', 'द विंड वेकर', 'रेसिडेंट ईव्हिल ४' हे गेम्स आधी याच डब्यावर आले. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या २००१ सालच्या गेमच्या स्पर्धा तर वीस वर्षांनंतरही भरत राहिल्या. 'अंडररेटेड' हा शब्द एखाद्या कन्सोलला शोभत असेल, तर तो गेमक्यूबला.

वी: शोकेसमध्ये धूळ खात पडलेला?

ओव्हररेटेड कन्सोलच्या यादीत निन्टेन्डोच्या वीचं नाव हमखास येतं. २००६ मध्ये आलेल्या वीचे १० कोटी १६ लाख नग विकले गेले. हातातला रिमोट फिरवून टेनिस आणि बोलिंग खेळायचं, हे आजीआजोबांनाही जमत होतं. टीकाकार म्हणतात, 'लोकांनी चार दिवस "वी स्पोर्ट्स" खेळला आणि कन्सोल शोकेसमध्ये ठेवून दिला.'

आकडे या दाव्याला पूर्ण साथ देत नाहीत. वीसाठी ९२ कोटींहून जास्त गेम्स विकले गेले. त्यात बहुतेक ठिकाणी कन्सोलसोबतच मिळालेला 'वी स्पोर्ट्स' ८ कोटी २९ लाख होता. तो वजा केला तरी प्रत्येक कन्सोलमागे आठपेक्षा जास्त गेम्स उरतात. निन्टेन्डोच्याच एन-६४ या कन्सोलला आज देव्हाऱ्यात बसवलं जातं. त्याच्या वाट्याला प्रत्येक कन्सोलमागे सातसुद्धा गेम्स आले नव्हते.

मग वीची चेष्टा का होते? कारण त्याचे ग्राहक इंटरनेटवर वाद घालणारे नव्हते. ते घरातले मोठे, लहान मुलं, कधीच गेम न खेळलेले लोक होते. कन्सोलचा इतिहास लिहिणारे मात्र तासन्‌तास गेम खेळणारे तरुण. ज्यांच्या हातात पेन, त्यांच्या आवडीचा कन्सोल मोठा, असा हा प्रकार आहे.

वीची खरी कमजोरी वेगळी होती. समोर एचडी टीव्ही घरोघरी येत असताना वीला एचडी चित्र दाखवता येत नव्हतं. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे मोठे गेम्स त्यावर आलेच नाहीत. त्याला नाव ठेवायचंच असेल, तर ते या मुद्द्यावर ठेवावं.

वी-यू आणि स्विच: तोच गेम, नशीब वेगळं

या संपूर्ण वादातला सगळ्यात बोलका पुरावा निन्टेन्डोच्याच घरात आहे.

वीनंतर २०१२ मध्ये वी-यू आला. नावामुळेच घोटाळा झाला. हा नवा कन्सोल आहे की जुन्या वीला जोडायची स्क्रीन आहे, हेच अनेकांना कळेना. विक्री अडकली १ कोटी ३६ लाखांवर. वीच्या मानाने सातवा हिस्सा.

याच वी-यूवर मे २०१४ मध्ये 'मारिओ कार्ट ८' आला. त्याच्या सुमारे ८५ लाख प्रती गेल्या, म्हणजे जवळपास प्रत्येक तीन मालकांमधल्या दोघांनी तो घेतला. पुढे स्विच हा कन्सोल आला आणि एप्रिल २०१७ मध्ये हाच गेम थोडी भर घालून 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' नावाने पुन्हा विकायला काढला. या वेळी विक्री गेली ६ कोटींच्या पुढे. 'डाँकी काँग', 'पिकमिन ३', 'कॅप्टन टोड' असे वी-यूचे इतर गेम्सही स्विचवर येऊन खपले.

म्हणजे वी-यूच्या गेम्समध्ये खोट नव्हती. खोट होती नावात, जाहिरातीत आणि जड गेमपॅडच्या कल्पनेत. स्क्रीन हातात घेऊन खेळायची तीच कल्पना निन्टेन्डोने नीट मांडली, तेव्हा स्विच तयार झाला. त्याचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच-२चे पहिल्या चारच दिवसांत ३५ लाख नग संपले. या यशाची पायाभरणी त्या पडलेल्या वी-यूनेच केली होती.

तरीही वी-यूला सरसकट अंडररेटेड म्हणता येत नाही. गेम्स अंडररेटेड होते, कन्सोल नव्हता. वाद घालताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर निम्मी भांडणं मिटतील.

ड्रीमकास्ट: अन्याय झाला, पण कुणी केला?

आता येऊ या वादाच्या लाडक्या नायकाकडे. सेगाचा ड्रीमकास्ट नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये आणि ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत आला. इंटरनेटसाठी मोडेम कन्सोलच्या आतच बसवलेला होता. घरबसल्या जगभरच्या लोकांशी खेळता येणारा 'फँटसी स्टार ऑनलाइन' २००० सालीच त्यावर आला. 'सोलकॅलिबर', 'क्रेझी टॅक्सी', 'शेनम्यू', 'जेट सेट रेडिओ' अशी गेम्सची यादी तगडी होती. किंमत १९९ डॉलर, म्हणजे प्लेस्टेशन-२पेक्षा १०० डॉलरने कमी.

आणि तरीही मार्च २००१ मध्ये सेगाने त्याचं उत्पादन थांबवलं. विक्री झाली होती सुमारे ९१ लाख. त्यानंतर सेगाने घरगुती कन्सोल बनवणंच सोडलं.

चाहते याचा दोष प्लेस्टेशन-२च्या गाजावाजाला देतात. पण घाव आधीच बसले होते. सेगाने १९९५ मध्ये अमेरिकेत 'सॅटर्न' हा कन्सोल ठरल्या तारखेच्या चार महिने आधी, अचानक दुकानांत आणला. काही मोजक्याच दुकानांना माल मिळाला, बाकीचे चिडले. गेम बनवणाऱ्या कंपन्यांची तयारी झालेली नव्हती. त्याआधी 'मेगा ड्राइव्ह'ला जोडायचं '३२-एक्स' नावाचं यंत्र आणून थोड्याच काळात वाऱ्यावर सोडलं होतं. सेगाचं यंत्र घेतलं की ते मध्येच बंद पडणार, ही भीती ग्राहकांच्या मनात पक्की बसली. ड्रीमकास्टच्या वेळी इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारखी मोठी कंपनी आलीच नाही. त्यात भर म्हणजे सुरक्षेतल्या एका त्रुटीमुळे साध्या सीडीवर उतरवलेले चोरीचे गेम्स त्यावर चालायला लागले.

थोडक्यात, ड्रीमकास्टने आधीच्या पिढीचं कर्ज फेडलं. त्या वेळी तो नक्कीच अंडररेटेड होता. पण आज? 'अंडररेटेड कन्सोल' अशी कुठलीही यादी उघडा, पहिल्या पाचात ड्रीमकास्ट असतोच. पंचवीस वर्षं सगळे ज्याला अंडररेटेड म्हणतात, तो अंडररेटेड कसा? त्याची थकबाकी केव्हाच चुकती झाली आहे.

प्लेस्टेशन-३ आणि एक्सबॉक्स-३६०: आठवण कशी फसवते?

एक्सबॉक्स-३६० हा अनेकांच्या आठवणीतला हीरो आहे. प्लेस्टेशन-३ म्हणजे ५९९ डॉलरचा महागडा विनोद. पण हिशोब मांडला तर चित्र बदलतं.

एक्सबॉक्स-३६० बंद पडण्याचं प्रमाण इतकं होतं की 'रेड रिंग ऑफ डेथ' हा शब्दच रूढ झाला. यंत्र बिघडलं की समोर लाल दिवे लागायचे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून जास्त खर्च बाजूला काढावा लागला. दुसरीकडे, प्लेस्टेशन-३ने सुरुवात वाईट केली, पण २००९ मध्ये सडपातळ मॉडेल २९९ डॉलरना आलं आणि गाडी रुळावर आली. अखेर त्याची विक्री ८ कोटी ७० लाखांच्या पुढे गेली, म्हणजे एक्सबॉक्स-३६०च्या बरोबरीने.

प्लेस्टेशन-३चा 'सेल' प्रोसेसर गेम बनवणाऱ्यांसाठी डोकेदुखी होता, पण ताकदवान होता. इतका की अमेरिकी हवाई दलाने २०१० मध्ये १,७६० प्लेस्टेशन-३ एकत्र जोडून 'काँडोर क्लस्टर' नावाचा महासंगणक उभा केला. मात्र याच विचित्र रचनेची किंमत आजचे खेळाडू मोजत आहेत. प्लेस्टेशन-३ची डिस्क प्लेस्टेशन-५मध्ये चालत नाही.

भारतातून पाहिलं तर यादीच बदलते

वरचा सगळा वाद अमेरिका, जपान आणि युरोपच्या आठवणींवर उभा आहे. महाराष्ट्रातल्या नव्वदच्या दशकातल्या मुलांना विचारा, त्यांच्या लेखी 'कन्सोल' नव्हताच. होता तो 'व्हिडिओ गेम'. टीव्हीच्या अँटेनाच्या वायरला जोडायचा, कॅसेट फुंकून लावायची, '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये तेच दहा-पंधरा गेम फिरून फिरून यायचे. 'मारिओ' आणि 'काँट्रा' त्यावरच भेटले. हा डबा म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल आहे, हे बहुतेकांना कित्येक वर्षांनी कळलं. जगातल्या कुठल्याही यादीत या नकली डब्यांचं नाव नसतं, पण भारतात एका अख्ख्या पिढीला गेमिंग त्यांनीच शिकवलं.

त्यानंतर आला प्लेस्टेशन-२. जगात प्लेस्टेशन-३चा काळ सुरू असताना भारतात प्लेस्टेशन-२च जोरात होता. २००९ मध्ये त्यावर 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' हे भारतात बनलेले गेम्स आले. 'देसी अड्डा'मध्ये तर कबड्डी आणि विटीदांडू होता. मुंबईच्या ट्राइन गेम्सने 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आणला. पण त्याच वेळी चिप बसवलेले कन्सोल आणि रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त डिस्क हेही वास्तव होतं. या डिस्क कंपनीच्या विक्रीत मोजल्या जात नाहीत. म्हणून वर केलेला 'प्रत्येक कन्सोलमागे किती गेम्स' हा हिशोब भारतासारख्या देशाची गोष्ट पूर्ण सांगत नाही.

आणि जगभर १५ कोटी विकला गेलेला स्विच? तो निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे आणलाच नाही. ज्यांनी घेतला त्यांनी परदेशातल्या नातेवाइकाकरवी किंवा समांतर बाजारातून घेतला, तोही कंपनीच्या वॉरंटीविना. त्यामुळे 'स्विच ओव्हररेटेड आहे' असं नाशिक किंवा कोल्हापूरमधला एखादा म्हणत असेल, तर त्यात त्याच्या दृष्टीने तथ्य असू शकतं. जो कन्सोल दुरुस्त करायला जागा नाही, त्याचं कौतुक ऐकून काय करायचं?

या वादाने नेमका काय फरक पडतो?

फरक पडतो तो इथे: ज्या कन्सोलला जग विसरतं, त्याचे गेम्सही हळूहळू नाहीसे होतात.

वी-यू आणि थ्री-डीएस या कन्सोलची ऑनलाइन दुकानं निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. फक्त तिथेच मिळणारे गेम्स त्या दिवशी कायदेशीररीत्या विकत घेणं अशक्य झालं. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन-३ आणि व्हीटाची दुकानं बंद करायचं जाहीर केलं होतं. चाहत्यांनी आरडाओरडा केला आणि काही आठवड्यांतच कंपनीने निर्णय फिरवला. व्हीटा तसा दुर्लक्षित कन्सोल. सुंदर स्क्रीन, पण फक्त सोनीचंच महागडं मेमरी कार्ड चालणार, या हट्टापायी बुडाला. त्याचं दुकान वाचलं ते त्याच्या थोड्याच, पण आवाज करणाऱ्या चाहत्यांमुळे.

अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के गेम्स आता बाजारात विकत मिळत नाहीत. कोणता जुना गेम पुन्हा आणायचा हे कंपन्या मागणी बघून ठरवतात. म्हणजे सोशल मीडियावर 'हा कन्सोल अंडररेटेड होता' असं वारंवार सांगणारे लोक एका अर्थाने त्या गेम्सची पाठराखण करत असतात. ज्यांच्या बाजूने बोलणारं कुणीच नाही, ते गेम्स मुकाट्याने जातात.

मग आजच्या कन्सोलचं काय?

प्लेस्टेशन-५चे ८ कोटींहून जास्त नग विकले गेले आहेत, तरी 'यावर स्वतःचे गेम्सच नाहीत' ही टीका थांबत नाही. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक'सारखे मोठे गेम्स प्लेस्टेशन-४वरही आले, हे खरं. दुसऱ्या बाजूला फक्त प्लेस्टेशन-५साठी बनलेल्या 'ॲस्ट्रो बॉट'ने २०२४ मध्ये 'द गेम अवॉर्ड्स'चा वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार पटकावला. ज्याच्याकडे आधीच प्लेस्टेशन-४ आहे, त्याला हा कन्सोल ओव्हररेटेड वाटेल. पहिल्यांदाच घेणाऱ्याला वाटणार नाही.

एक्सबॉक्स सीरीज एस भारतात ३४,९९० रुपयांना आला, तेव्हा तो या पिढीतला सगळ्यात स्वस्त मार्ग होता. पण मेमरी कमी असल्याने त्याच्या मर्यादा उघड झाल्या. 'बॉल्डर्स गेट ३' हा गेम २०२३ मध्ये त्यावर आला, तो एकाच स्क्रीनवर दोघांनी खेळायची सोय वगळून. त्यातच मायक्रोसॉफ्ट आता 'फोर्झा होरायझन ५'सारखे स्वतःचे गेम्स प्लेस्टेशनवरही देतंय. मग एक्सबॉक्सच का घ्यायचा, हा प्रश्न चाहतेच विचारत आहेत.

म्हणून कन्सोल घ्यायचा विचार असेल, तर 'ओव्हररेटेड की अंडररेटेड' यापेक्षा चार साधे प्रश्न जास्त उपयोगी पडतील. तुम्हाला खेळायचे असलेले पाच गेम्स त्यावर आहेत का? तेच गेम्स तुमच्याकडच्या कम्प्युटरवर किंवा जुन्या कन्सोलवर चालतात का? नवा गेम चार-पाच हजारांना घेणं परवडणार आहे का? आणि बिघडला तर तुमच्या शहरात तो कंपनीकडून दुरुस्त होईल का?

या चारही प्रश्नांची उत्तरं मनासारखी असतील, तर कमेंट बॉक्समध्ये कुणी काहीही म्हणो, तो कन्सोल तुमच्यासाठी योग्यच आहे. आणि गेमक्यूबबद्दल कुणी 'फ्लॉप' म्हणालं, तर त्याला साडेनऊचा आकडा नक्की सांगा.